१२ ते १८ इंच : स्वसंरक्षणाच्या गोळीचा इतिहास

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारा माणूस काडतुसे निवडायला बसला, की दोन आकडे त्याच्या कानावर पडतातच : १२ आणि १८. मांसाऐवजी चाचणीला वापरायच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी निदान १२ इंच शिरली पाहिजे आणि १८ इंचांच्या आत थांबली पाहिजे. हे आकडे एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेचे असले, तरी ज्या वादातून ते निघाले त्याची सुरुवात कोलकात्याजवळच्या दमदमला झाली.

दमदमला ब्रिटिशांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १८८८ पासून ब्रिटिश फौजेत .३०३ ची, म्हणजे नळीचा व्यास .३०३ इंच असलेली, ली-मेटफर्ड रायफल आली. आधीच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी जाड आणि उघड्या शिशाची होती. नवी गोळी बारीक, वेगवान आणि संपूर्ण धातूच्या कवचातली. ती लांब जाई, सरळ जाई आणि माणसाच्या शरीरातूनही तशीच सरळ आरपार जाई. १८९५ च्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या मोहिमेत सैनिकांनी तक्रार केली, की गोळी लागूनही समोरचा माणूस धावत येतो. दमदमच्या कारखान्यातल्या कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने त्यावर साधा उपाय काढला. गोळीच्या टोकावरचे कवच थोडे काढून आतले शिसे उघडे ठेवले. शरीरात शिरताच शिसे दबून टोक फुले, जखम रुंद होई आणि गोळीचा वेग आतच मरे. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली आणि ‘दमदम गोळी’ हे नाव युरोपभर झाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टोकाला पोकळी असलेली गोळी तयार झाली. ती १८९८ मध्ये सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत चालली.

१८९९ च्या हेग परिषदेत शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. ब्रिटन आणि अमेरिका दोघांनी विरोध केला. ब्रिटनने १९०७ मध्ये तो मान्य केला, अमेरिकेने त्यावर सही केलीच नाही, पण पुढे व्यवहारात फौजेसाठी बहुतेक तो पाळला. इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण आजही तिच्यावरून गैरसमज होतात. ही बंदी देशादेशांतल्या युद्धापुरती होती. पोलिसांना किंवा घरात पिस्तूल ठेवणाऱ्या नागरिकाला ती लागू नव्हती. युद्धात जी गोळी क्रूर ठरली, तीच वस्तीत कमी धोक्याची असू शकते, कारण ती ज्याला लागते त्याच्यातच थांबते आणि मागे उभ्या असलेल्या तिऱ्हाइतापर्यंत पोचत नाही. मला तरी या सगळ्या इतिहासातला हाच गाभ्याचा मुद्दा वाटतो.

पिस्तुलाच्या बाबतीत मात्र बराच काळ वाद गोळीच्या घडणीभोवती नव्हे, जाडीभोवती फिरला. फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांपुढे अमेरिकी फौजेचे .३८ चे रिव्हॉल्व्हर अपुरे पडले. तेव्हा १९०४ मध्ये फौजेतले थॉम्पसन आणि मेजर ला गार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातल्या जिवंत जनावरांवर आणि मानवी मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या. .४५ हून बारीक गोळी नको, असा त्यांचा निष्कर्ष. त्यातूनच १९११ चे प्रसिद्ध .४५ पिस्तूल आले. जनावरे मोजकी होती आणि काही प्रयोग अर्धवट सुटले. तरीही ‘जाड गोळी माणसाला आडवा पाडते’ हा समज पुढची ऐंशी वर्षे टिकला.

१९६० च्या दशकात अमेरिकी पोलिसांकडे .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर आणि त्यात गोल टोकाची शिशाची गोळी असे. ती फुलत नसे. १९६३ मध्ये इंडियाना राज्यात ली जुरास यांनी ‘सुपर व्हेल’ नावाने हलक्या, वेगवान, पोकळ टोकाच्या गोळ्यांची काडतुसे काढली. मोठ्या कंपन्याही त्या वाटेला लागल्या. वेग जितका जास्त तितका धक्का मोठा, असा तेव्हाचा हिशेब होता. १९७० च्या दशकात सरकारी पैशावर संगणकाने गोळ्यांची क्रमवारी लावली गेली. तिच्यातही गोळीमुळे मांसात क्षणभर ताणल्या जाणाऱ्या पोकळीला फार वजन होते आणि गोळी किती खोल पोचते याला त्या मानाने कमी.

त्या हिशेबाची किंमत ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीजवळ मोजावी लागली. एफबीआयच्या आठ जणांनी बँक लुटणाऱ्या दोघांची गाडी अडवली. गोळीबार जेमतेम पाच मिनिटे चालला. सुरुवातीलाच जेरी डव्ह या अधिकाऱ्याची ९ मिमीची गोळी मायकेल प्लॅट या दरोडेखोराला लागली. ११५ ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅमची, पोकळ टोकाची ‘सिल्व्हरटिप’. ती त्याच्या उजव्या दंडातून पार झाली, छातीत शिरली, फुप्फुसात गेली आणि हृदयाच्या सुमारे इंचभर अलीकडे थांबली. जखम प्राणघातकच होती. पण प्लॅट लगेच कोसळला नाही. रायफल हातात घेऊन तो गोळ्या झाडत राहिला. डव्ह आणि बेन ग्रोगन हे दोघे अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. गोळी तिच्या रचनेप्रमाणेच वागली होती. आधी दंड ओलांडावा लागेल, हे ती बनवताना पुरेसे धरलेच नव्हते. डावपेचांतल्या चुकाही त्या दिवशी होत्या आणि सगळा दोष एका गोळीवर टाकणे मला बरोबर वाटत नाही. तरी त्या राहिलेल्या एका इंचाने पुढचे सगळे संशोधन वळवले.

सप्टेंबर १९८७ मध्ये एफबीआयने क्वांटिकोच्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात शल्यविशारद आणि बंदुकीचे जाणकार एकत्र बसवले. त्यांत डॉ. मार्टिन फॅकलर होते. व्हिएतनामच्या युद्धात त्यांनी गोळ्यांच्या जखमांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या, आणि आता ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या लष्करी संस्थेत जखमांचा अभ्यास करत होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पिस्तुलाची गोळी माणसाला उडवत नाही. तसे झाले असते, तर झाडणाराही मागे उडाला असता. पिस्तुलाच्या वेगाला मांस रबरासारखे ताणून परत जागेवर येते. खरी इजा गोळीने प्रत्यक्ष फाडलेल्या मार्गाची असते. तो मार्ग मेंदू, मणका, हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचला, तरच समोरचा खात्रीने थांबतो. १९८९ च्या एफबीआयच्या अहवालात तर स्पष्ट लिहिले आहे, की हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत १० ते १५ सेकंद हालचाल करण्याइतका प्राणवायू असतो.

खोली मोजायला फॅकलर यांनी १० टक्के जिलेटिनचा ठोकळा वापरला, ४ अंश सेल्सिअसला थंड केलेला. प्रत्येक ठोकळ्यावर आधी ठरावीक वेगाने एक छोटा छर्रा मारायचा. तो सुमारे साडेआठ सेंटिमीटर शिरला तरच ठोकळा परीक्षेला घ्यायचा. या शिस्तीमुळेच एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी ताडून पाहता आले. जिलेटिनला हाडे नसतात, कातडी नसते. त्यातले १२ इंच म्हणजे शरीरातले १२ इंच नव्हेत. ती फक्त मोजपट्टी आहे. सडपातळ माणसाची छाती एवढी जाड नसते, मग १२ इंच कशाला, असे नवखे लोक विचारतात. उत्तर प्लॅटच्या दंडात आहे. माणूस हात पुढे करून, तिरका उभा असू शकतो.

मग ठोकळ्यासमोर अडथळे आले : जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, भिंतीचा जिप्सम बोर्ड, मोटारीची काच. कपड्यांच्या चाचणीने फार शिकवले. उघड्या जिलेटिनमध्ये सुरेख फुलणाऱ्या कित्येक गोळ्यांच्या पोकळीत कापडाचा बोळा बसे आणि मग त्या कवचबंद गोळीसारख्या न फुलता सरळ निघून जात. पुढे काही परीक्षकांनी जीनच्या कापडाचे चार थर लावायला सुरुवात केली. कारखान्यांनी पोकळीचा आकार बदलला, शिसे आणि कवच एकमेकांपासून सुटू नये म्हणून दोन्ही जोडून टाकले. आज चांगल्या समजल्या जाणाऱ्या गोळ्या या परीक्षांतून घडल्या आहेत.

दरम्यान जाडीचे पारडे वरखाली होत राहिले. एफबीआयने १० मिमी घेतले, झाडताना हाताला बसणारा त्याचा झटका जड म्हणून काडतुसातली दारू कमी केली, १९९० मध्ये तेवढ्याच ताकदीचे आखूड .४० आले आणि देशभरातल्या पोलिसांत पसरले. २०१४ मध्ये त्याच संस्थेने ९ मिमीची बाजू घेतली. सुधारलेल्या गोळ्यांमुळे फरक उरला नव्हता आणि कमी झटक्याच्या पिस्तुलाने नेम अधिक बसत होता. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९८ मध्ये कवचबंद गोळ्या सोडून पोकळ टोकाच्या घ्यायचे ठरवले, तेव्हा मुख्य कारण आरपार जाऊन भलत्यालाच लागणाऱ्या गोळ्या हेच होते. उलट शेजारच्या न्यू जर्सीत सामान्य नागरिकाला पोकळ टोकाची गोळी घरात ठेवता येते, पण बाहेर बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत. तिथे आपली मराठी कुटुंबे बरीच आहेत. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात चालते म्हणून ती घेऊन नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत येणाऱ्याने एवढे नक्की तपासावे.

भारतात ९ मिमी आणि .३८ सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. त्याच्या वाट्याला येते ते मुख्यतः .३२. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाने महिलांसाठी हलके रिव्हॉल्व्हर काढले, तेही .३२ चेच. काडतुसे मुख्यतः सरकारी कारखान्यांची, पुण्याजवळच्या खडकीचीही, आणि किती घ्यायची तो आकडा परवान्यावर लिहिलेला. पोकळ टोक की कवचबंद, हा प्रश्न इथे सहसा दुकानापर्यंत पोचतच नाही. रिव्हॉल्व्हरमधले ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतूस मुळात १८९६ चे आहे, म्हणजे बर्टी-क्ले दमदमला गोळीच्या टोकावरचे कवच काढून पाहत होता, त्याच सुमाराचे.