शिनोळीचं पोरगं बेळगावात ‘बाहेरचं’ कसं झालं

बेळगावातनं वेंगुर्ला रोडनं निघालं की थोड्या वेळात शिनोळी लागतं, तिथं महाराष्ट्र सुरू. भाषा तीच, पाव्हणे-रावळे तेच, बाजारालाही सगळे बेळगावातच. पण १९८९ ला कर्नाटकानं खासगी मेडिकल कॉलेजांची फी ठरवली ती अशी, सरकारी सीटला वर्षाला २ हजार, बाकी कर्नाटकवाल्यांना २५ हजारांपर्यंत आणि राज्याबाहेरच्यांना ६० हजारांपर्यंत. म्हणजे शिनोळीचं पोरगं बाहेरचं.

१९५६ पर्यंत आपण बेळगाववाले मुंबई राज्यातच, त्यामुळे आधीची पोरं डॉक्टर व्हायला पुण्या-मुंबईला जायची. राज्यं बदलली, मग १९६३ ला बेळगावात केएलई संस्थेचं जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज निघालं. खासगी कॉलेजं मात्र मणिपालपासनं, १९५३ पासनं, आणि पुढं डोनेशन एवढं बोकाळलं की १९८४ ला बंदीचा कायदा करावा लागला. कायद्यानं काय झालं ते इथल्या कुठल्याही बापाला विचारा!

मग मेरठच्या मोहिनी जैनला तुमकूरच्या कॉलेजनं पहिल्या वर्षाचे ६० हजार आणि पुढच्या फीसाठी बँक गॅरंटी मागितली, ती सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९२ ला कोर्टानं कॅपिटेशन फी, म्हणजे हेच डोनेशन, बेकायदा ठरवली. दुसऱ्याच वर्षी उन्नीकृष्णन केसमध्ये निम्म्या सीट फ्री, निम्म्या पेमेंटच्या, पण भरायच्या मेरिटवरच असं ठरलं, आणि १९९४ पासनं कर्नाटकात सीईटी, म्हणजे सगळ्यांना एकच प्रवेश परीक्षा, आली. २००२ च्या टीएमए पै निकालानं ती फ्री-पेमेंटची स्कीम गेली, पण गरिबाच्या पोराला पहिल्यांदा दार किलकिलं झालं ते त्या सीईटीमुळंच, असं माझं मत.

आता मेडिकलला ‘नीट’ ही देशभराची एकच परीक्षा, पण कर्नाटकाच्या कोट्यात सात वर्षं इथल्या शाळेत काढल्याचा दाखला बघतात. खेड्यात शिकलेल्यांना १५ टक्के सीट राखीव, कन्नड माध्यमवाल्यांना ५ टक्के. माझी भाची खानापूरकडच्या मराठी शाळेतली, तिला पहिलं मिळतं, दुसरं नाही. दाखल्यावर हेडमास्तरांची सही, त्यावर बीईओचा, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याचा शिक्का, आणि शिक्का नेमका तारखेवर पडला म्हणून एका ऑफिसनं तो परत पाठवला, दोन खेपा वाया.

नीटचा पेपर २०१७ पासनं मराठीत आणि कन्नडमध्येही निघतो, पण मराठी पेपर फक्त महाराष्ट्रातल्या सेंटरवर, म्हणजे बेळगावात बसणाऱ्या मराठी पोराला नाहीच. खरं तर पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्लिशमधनंच होतं म्हणून फारसं कुणी ओरडत नाही.

उलट महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी पोरांसाठी थोड्या सीट राखून ठेवल्यात. त्यामुळं भाचीच्या दोन फायली झाल्या, एकीत ती सात वर्षांच्या दाखल्यानं कर्नाटकाची, दुसरीत गावाच्या नावानं महाराष्ट्राची. खानापूरच्या झेरॉक्सवाल्यानं दोन्ही एकाच दिवशी लावून दिल्या.