अश्वगंधा सुरू केली म्हणून गोळ्या थांबवू नका

"डिप्रेशनच्या गोळ्यांचं व्यसन लागतं, पोराला दुधातून अश्वगंधा द्या, आठवड्यात बरा होईल," असा मेसेज लातूर-नांदेडकडच्या पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. काळजीपोटीच तो पुढे जातो.

पण या गोळ्या नशेच्या नाहीत. गुण यायला काही आठवडे लागतात. अचानक सोडल्या तर चक्कर, बेचैनी येते, तेच लोकांना व्यसन वाटतं. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. अश्वगंधेचाही थायरॉइडच्या, झोपेच्या औषधांशी घोळ होऊ शकतो. आणि आयुर्वेद म्हणजे नुसतं चूर्ण नव्हे: चरकसंहितेत मनाला सांभाळणारी 'सत्त्वावजय' चिकित्साही सांगितली आहे. वैद्यांकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.

दोन आठवडे पोरगं गप्प, झोप उडालेली, ताटावरून अर्धवट उठतंय? सरकारच्या 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करून मराठीतून, फुकट विचारा. जीव द्यायची भाषा असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.