राजीनामा म्हणजे देवाची अवज्ञा?

नोकरी सोडायचा विषय ख्रिस्ती मंडळीत निघाला की कुणीतरी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातले 7:20 हे वचन काढतेच: देवाचे पाचारण (बोलावणे) झाले त्या स्थितीत प्रत्येकाने राहावे. म्हणून ख्रिस्ती माणसाने देवाने दिलेली नोकरी सोडू नये, असा समज पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे, आणि हे कळायला पुढचेच वचन पुरते. तिथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल दासाला म्हणतो, चिंता करू नकोस, पण मोकळे होता येत असेल तर हो. (बहुतेक अभ्यासक तरी ते असेच वाचतात.) अध्यायाचा विषय लग्न, सुंता आणि दास्य हा आहे, ख्रिस्ताच्या मागे जाण्यासाठी आधी सामाजिक स्थिती बदलायला हवी असे नाही, एवढेच त्याला सांगायचे आहे. पगार, बढती, राजीनामा त्यात कुठेच नाहीत.

देवासाठी नोकरी सोडलीच पाहिजे, हे उलट टोकही खरे नाही. जकातदार मत्तय जकातनाका सोडून येशूमागे गेला. पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना काम सोडायला सांगितले नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली, तीही श्रद्धेपोटीच.

तेव्हा खोटी बिले करायला लावणारी नोकरी आणि नुसता तिरसट साहेब, यांना एकच वचन लावू नये. पहिलीत प्रश्न सचोटीचा आहे. दुसऱ्यात प्रार्थनेबरोबर घरचा हप्ता, नोटीस पीरियड आणि जोडीदाराचे मत हेही बघावे लागते.