वेंबनाडमधली दोन पाणी

अलप्पुळाच्या धक्क्यावरून निघालेली नाव कालव्यात शिरली आणि इंजिनाचा आवाज मंदावला, तेव्हा दोन्ही काठांवरच्या माडांच्या झावळ्यांतला वारा ऐकू येऊ लागला. टपावर पाय पसरून निवांत बसलो असताना एक गोष्ट ध्यानात आली, की काठापलीकडची भातशेती पाहण्यासाठी मला मान खाली करावी लागत होती. नाव तरंगत होती ते पाणी वर आणि भात खाली. दोहोंमध्ये माडांच्या मुळांनी धरून ठेवलेला मातीचा बांध, तोही जेमतेम एका माणसाला चालता येईल एवढा.

केरळमधल्या कुट्टनाडचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी तर दोन मीटरहूनही अधिक. पंपा, अच्चनकोविल, मणिमला आणि मीनच्चिल या नद्या डोंगरातून आणलेला गाळ वेंबनाड कायलात, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण सरोवरात, टाकत आल्या. त्या उथळ, गाळाने भरलेल्या भागाभोवती माणसांनी बांध घातले, आतले पाणी उपसले आणि भात लावला. या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. उपशासाठी आजही अनेक ठिकाणी ‘पेट्टी आणि परा’ नावाचा पंप दिसतो. पिंपासारख्या उभ्या नळकांड्यात फिरणारी पाती शेतातले पाणी वर ढकलतात आणि आडव्या लाकडी पेटीतून ते कालव्यात पडते. आमची नाव अशा एका पेटीजवळून गेली. तिच्या तोंडाची झडप कालव्याच्या बाजूला उघडत होती. पंप थांबला की बाहेरच्या पाण्याच्याच दाबाने ती मिटते, त्यामुळे उपसलेले पाणी परत शेतात शिरत नाही.

शांत दिसणाऱ्या या जलाशयात खरे तर दोन पाणी नांदतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि ते गोड्या पाण्याहून अंदाजे अडीच टक्के जड असते. त्यामुळे कोचीच्या मुखातून भरतीबरोबर आत येणारे खारे पाणी तळाशी पाचरीसारखे सरकते आणि नद्यांचे गोडे पाणी त्याच्यावरून वाहते. पावसाळ्यात नद्यांचा जोर एवढा असतो की खारे पाणी मुखाकडे रेटले जाते. नद्या आटू लागल्या की ते पुन्हा दक्षिणेकडे चढते. नेमके त्याच सुमारास कुट्टनाडात पुंचा हंगामाचे भात उभे असते आणि भाताला मीठ सोसत नाही.

म्हणून 1970च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे सरोवराच्या आडवा, दारे असलेला बंधारा उभारण्यात आला. कोरड्या महिन्यांत ही दारे बंद केली की दक्षिणेकडचे पाणी गोडे राहते आणि भात वाचते. पण त्याच पाण्यात राहणाऱ्या मोठ्या नदीकोळंबीचे आयुष्य दोन्ही पाण्यांत विभागलेले आहे. ती गोड्या पाण्यात वाढते. मात्र तिच्या पिल्लांना सुरुवातीचे आठवडे मचूळ पाणीच लागते, त्यासाठी अंडी धरलेल्या माद्या मुखाकडे उतरतात आणि वाढलेली पिल्ले पुन्हा वर येतात. बंद दारांपाशी ही वाट खुंटते. जलपर्णीची गोष्ट नेमकी उलटी आहे. पूर्वी दर उन्हाळ्यात खारे पाणी चढले की ती मरून जाई. आता बंधाऱ्याच्या दक्षिणेला तिला मारणारे मीठ पोहोचतच नाही. प्रवाशांना मोहवणाऱ्या त्या जांभळ्या फुलांखाली प्रकाश शिरत नाही, झाडे कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि छोट्या होड्या अडकून पडतात. मलाही ती फुले सुंदर वाटली होती, हे मी नाकारत नाही.

दारे किती दिवस मिटलेली ठेवायची, यावर शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षे ओढाताण चालू आहे. दोघांच्याही मागण्या मला रास्त वाटतात, कारण एकाचे पीक आणि दुसऱ्याची कोळंबी एकाच भरतीवर अवलंबून आहेत. पेरणी वेळेवर झाली, कापणी लवकर आटोपली, तर दारे लवकर उघडता येतात. पेरणी लांबली की मिठाची वाटही तेवढीच लांबते.

संध्याकाळी मच्छीमारांच्या जाळ्यांना वाट मोकळी करून देत आमची नाव काठाला लागली. बांधापलीकडे पंप सुरूच होता.