फवारणी बागेत, अवशेष बांधावर

इटलीच्या उत्तर टोकाला दक्षिण टिरोल प्रांतात व्हिन्शगाउ नावाची दरी आहे. तळाशी मैलोन्‌मैल सफरचंदाच्या बागा आणि वर आल्प्सची कुरणे. फवारणी होते ती तळाशी. संशोधकांनी मात्र बागांपासून थेट वर जाणाऱ्या 11 रेषा आखल्या आणि त्यांवरची माती व रानटी झाडपाला तपासला. 2024 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण 27 कीटकनाशके, बुरशीनाशके आणि तणनाशके सापडली. उंचीबरोबर प्रमाण घटत गेले, तरी सुमारे 2300 मीटरवरच्या कुरणांतही अंश होतेच. मेथॉक्सिफेनोझाइड हे कीटकनाशक जवळपास निम्म्या ठिकाणी आढळले. अळीला अवेळी कात टाकायला लावून मारणारे हे औषध आहे. बागेतल्या अळीसाठी ते फवारतात, पण कुरणातल्या फुलपाखराची अळीही अळीच.

इथवरचा रस्ता शंभर वर्षांहून जुना आहे. सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगावर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्य औषध होते लेड आर्सेनेट, म्हणजे शिसे आणि आर्सेनिक एकत्र. झाडावरून निथळलेले औषध खाली वाढणाऱ्या क्लोव्हर या फुलणाऱ्या चाऱ्यावर साचे आणि त्या फुलांवर गेलेल्या मधमाश्या मरत. मधपाळांनी तेव्हापासूनच ओरड केली होती. सरकारे खडबडून जागी झाली ती मात्र फळामुळे. 1925 च्या सुमारास ब्रिटनमध्ये अमेरिकी सफरचंदांवर आर्सेनिक सापडले, आयात बंद करण्याचा इशारा मिळाला आणि फळावरच्या अवशेषाला मर्यादा आली. अवशेषांचे नियमन तिथून ग्राहकाच्या ताटाभोवती बांधले गेले. फळ धुऊन मर्यादेत बसले की काम झाले. झाडाखालच्या क्लोव्हरला कसलीच मर्यादा नव्हती. जुन्या बागांच्या मातीत ते शिसे आणि आर्सेनिक आजही सापडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले, मग ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके आणि 1990 च्या दशकात निओनिकोटिनॉइड गटातली. या शेवटच्या गटाने प्रश्नाचे रूपच बदलले. आधीची बहुतेक औषधे पानावर बसत. ही पाण्यात विरघळून मुळांवाटे झाडात शिरतात आणि परागात, मधुरसात उतरतात. त्यामुळे ज्या रानफुलावर थेंबही उडाला नाही तेही मातीतून औषध ओढून घेऊ शकते. ससेक्समधल्या धान्य-तेलबियांच्या शेतांवर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधमाश्यांनी पोळ्यात आणलेल्या परागातल्या निओनिकोटिनॉइडपैकी 97 टक्के रानफुलांतून आले होते, पिकातून नव्हे. मधमाशीला आसरा म्हणून जो बांध फुलांनी भरून ठेवायचा, तिथेच विष मिळावे, हे मला सगळ्यात अस्वस्थ करते. युरोपीय संघाने यातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर 2018 मध्ये बंद केला.

फळबागेत वाऱ्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. भुईसरशा पिकावर औषध वरून खाली पडते. बागेत ब्लोअर, म्हणजे पंख्याचे फवारणी यंत्र, ते बारीक तुषारांत फोडून झाडाच्या शेंड्याकडे फेकतो. व्हिन्शगाउ दरी वाऱ्यासाठी ओळखली जाते, त्यामुळे तुषार सहज बागेबाहेर जातात. याच प्रांतातल्या 71 सार्वजनिक खेळाच्या मैदानांवरचे गवत तपासले, तेव्हा 45 टक्के ठिकाणी किमान एक औषध निघाले. हा अभ्यास 2019 मध्ये छापला गेला. दरीच्या वरच्या भागातल्या माल्स गावाने तर 2014 मध्येच सार्वमत घेऊन रासायनिक फवारणीविरुद्ध कौल दिला होता. सुमारे तीन चतुर्थांश मते बंदीच्या बाजूने पडली, पण गावाचा नियम न्यायालयात टिकला नाही.

आपल्याकडची द्राक्षेही त्या अमेरिकी सफरचंदांच्याच वाटेने गेली. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत अवशेष सापडले आणि त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या साथीने निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष तपासणीची योजना उभी केली. ती चांगली उभी राहिली. नाशिकचा बागायतदार आज काढणीआधी किती दिवस कोणते औषध बंद करायचे ते अचूक सांगतो, तो या योजनेमुळे. पण ते दिवस घडासाठी मोजलेले असतात. बांधावरची घोळ, पाथरी, तांदुळजा बाया कधीही खुडून नेतात आणि तिथलेच गवत कापून गोठ्यात जाते. त्यांना काढणीची तारीख नसते, त्यामुळे फवारणीच्या दुसऱ्या दिवशीही ती भाजी चुलीवर चढू शकते. आपल्या बागांभोवती असा अभ्यास करायचा झाला, तर पहिला नमुना याच भाज्यांचा घ्यावा, आणि तोही फवारणीच्या आठवड्यात.