दुसऱ्या रॅमची करामत

भाच्याने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "मामा, यात ग्राफिक्स कार्डच नाही. गेम अडकतो. नवा घ्यावा लागणार." मी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं, म्हणजे रॅमचं, पान उघडलं. खाली बारीक अक्षरांत दिसलं, रॅमच्या पट्ट्यांसाठीच्या दोन जागांपैकी (स्लॉट) एकच वापरात आहे. दुखणं तिथेच होतं.

वेगळं कार्ड नसलं तरी लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप असतेच. २०११ मध्ये इंटेलने सँडी ब्रिज पिढीत ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आणली, त्याच वर्षी एएमडीनेही तेच केलं. आज ही चिप बऱ्यापैकी ताकदवान आहे. तिच्याकडे नाही ती स्वतःची मेमरी. प्रोसेसर आणि ती, दोघं एकाच रॅमवर जगतात. चाळीतल्या एका नळावर दोन बिऱ्हाडं, तसं.

आता नळाची धार मोजू. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा ८-८ बाइट देते, म्हणजे २५.६ गिगाबाइट. दुसरी पट्टी लावली की प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांनी (चॅनेल) मिळून ५१.२. उलट जीटीएक्स १६५० सारख्या जुन्या, साध्या ग्राफिक्स कार्डालाही निदान १२८ गिगाबाइट मिळतात, आणि तेही एकट्याला.

मग ऑफिसच्या कामात हे जाणवत का नाही? फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एक चित्र साधारण ८.३ मेगाबाइटचं. सेकंदाला ६० वेळा पाठवलं तरी अर्धा गिगाबाइटच. व्हिडिओ उलगडायला तर चिपमध्ये वेगळं सर्किटच असतं. एक्सेल, ब्राउझर, मीटिंग यांसाठी महागडं कार्ड घेणं मला खरंच पैशांची नासाडी वाटते.

गेमचं तसं नसतं. एकेका पिक्सेलसाठी भिंतीचा पोत वाचायचा, पुढची वस्तू कोणती आणि मागची कोणती ते तपासायचं, प्रकाश मिसळायचा, पुन्हा लिहायचं. तोच पिक्सेल एका चित्रात अनेकदा हाताळला जातो. गेमचं रिझोल्यूशन फुल एचडीवरून ७२० पी केलं तर पिक्सेल ९.२ लाखांवर येतात, निम्म्याहून कमी. गेम अडखळत असेल तर पहिला उपाय हाच, आणि तो फुकटचा आहे.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा ११व्या पिढीचा आय५ होता. मागचे स्क्रू काढून आधीच्याच वेगाची ८ जीबीची दुसरी पट्टी तिरकी सरकवली, हलकेच खाली दाबली, क्लिप टक्कन बसली. मशीन सुरू केल्यावर मी त्याला ग्राफिक्सचं नाव वाचायला सांगितलं. सकाळी तिथे 'यूएचडी ग्राफिक्स' होतं, आता 'आयरिस एक्सई'. चिप तीच! या पिढीत दोन्ही वाटा भरल्या तरच ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, ते नाव दाखवतो. पोरगं दोन मिनिटं पडद्याकडे बघतच राहिलं.

सगळ्यांना हे जमेल असं नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. तशा ठिकाणी एलपीडीडीआर५एक्स-७५०० ही वेगवान रॅम असेल आणि वाट १२८ बिट रुंद असेल, तर धार १२० गिगाबाइटपर्यंत जाते. एएमडीच्या रेडिऑन ७८०एम सारखी प्रोसेसरमधलीच चिप हलके गेम नीट चालवते त्यात या धारेचा मोठा वाटा आहे. दुकानात "रॅम किती जीबी?" एवढंच विचारून थांबू नका. पट्ट्या किती, एक स्लॉट रिकामा आहे का आणि वेग किती, हेही विचारा.