इंग्लंडमधल्या सोशल वर्कर नोंदणीचं वार्षिक नूतनीकरण: पात्रता, कागदपत्रं आणि कुठे अडतं

इंग्लंडमध्ये सोशल वर्कर म्हणून काम करायचं तर ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेच्या रजिस्टरवर नाव हवं, आणि ते नाव दरवर्षी नव्याने चालू ठेवावं लागतं. नूतनीकरण 1 सप्टेंबरला सुरू होतं आणि 30 नोव्हेंबरला रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी मुदत संपते. नोंदणीचं वर्ष 1 डिसेंबर ते 30 नोव्हेंबर असं धरलं जातं, त्यामुळे तुमची पहिली नोंदणी मार्चमध्ये झाली की जुलैमध्ये, याने काही फरक पडत नाही.

काम तसं अवघड नाही. अडचण एवढीच, की ते एक काम नसून तीन आहेत: नूतनीकरणाचा फॉर्म, फी आणि वर्षभरातल्या व्यावसायिक शिक्षणाच्या, म्हणजे सीपीडीच्या, किमान दोन नोंदी. तिन्ही पूर्ण झाल्याशिवाय नूतनीकरण झालं असं धरत नाहीत. सगळ्यात जास्त घोळ होतो तो डायरेक्ट डेबिटमुळे, म्हणजे बँक खात्यातून फी आपोआप वळती होण्याच्या सोयीमुळे. खात्यातून पैसे गेले म्हणजे काम झालं, असं समजून माणसं निर्धास्त बसतात, आणि फॉर्म उघडलेलाच नसतो.

आपल्याकडून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून गेलेल्यांना ही भानगड नवीन वाटणं साहजिक आहे. टाटा इन्स्टिट्यूट, निर्मला निकेतन किंवा पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, कुठूनही पदवी घेतली की ती जन्मभराची. डॉक्टरांना कौन्सिल आहे, वकिलांना बार कौन्सिल आहे, पण सर्वसाधारण समाजकार्य करणाऱ्यांसाठी भारतात दरवर्षी नूतनीकरण करायचा परवाना नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करची व्याख्या आणि राज्य प्राधिकरणाकडे नोंदणीची तरतूद आहे, हा त्याला एक अपवाद. बाकी चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणीही समाजसेवक असतो. इंग्लंडमध्ये 2005 पासून ‘सोशल वर्कर’ या पदनामाला कायद्याचं संरक्षण आहे. नोंदणी नसताना ते लावणं हा गुन्हा आहे.

नूतनीकरण कोणी करायचं?

रजिस्टरवर नाव असलेल्या प्रत्येकाने. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, टीममध्ये असा, एजन्सीमार्फत काम करत असा, विद्यापीठात शिकवत असा किंवा सध्या नोकरीच नसो. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर असलात तरी नाव ठेवायचं असेल तर सीपीडीसकट सगळं करावं लागतं. खरोखरच अडचण असेल तर मुदत संपायच्या आत संस्थेला कळवावं. नंतर सांगितलेल्या कारणाला तितकंसं वजन राहत नाही.

दोन गैरसमज इथेच दूर करतो. इंग्लंडमधल्या केअर होममध्ये केअर वर्कर म्हणून काम करणाऱ्यांना ही नोंदणी लागत नाही, ते काम वेगळं. आणि ही संस्था फक्त इंग्लंडपुरती आहे. वेल्ससाठी सोशल केअर वेल्स, स्कॉटलंडसाठी स्कॉटिश सोशल सर्व्हिसेस कौन्सिल आणि उत्तर आयर्लंडसाठी नॉर्दर्न आयर्लंड सोशल केअर कौन्सिल, अशा स्वतंत्र संस्था आहेत. त्यांचे नियम आणि फी वेगवेगळी. वेल्समधल्या कार्डिफहून इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलला नोकरी बदलली तर नुसता पत्ता बदलून भागत नाही.

कागदपत्रं आणि फॉर्म

ही यादी वाचून आपल्या माणसाला संशयच येईल. पदवी प्रमाणपत्र नाही, ट्रू कॉपी नाही, नोटरी नाही. ते सगळं पहिल्या नोंदणीच्या वेळी दिलेलं असतं. लागतं ते ऑनलाइन खात्याचं लॉगिन, सध्याच्या नोकरीचा तपशील आणि बँक खातं किंवा कार्ड. खात्यातला ईमेल चालू आहे ना, हे मात्र ऑगस्टमध्येच तपासा. जुन्या कौन्सिलचा ऑफिस ईमेल तिथे दिला असेल तर नोकरी सोडल्यावर सगळी स्मरणपत्रं त्या बंद पेटीत जाऊन पडतात.

फॉर्ममध्ये संपर्क आणि नोकरीची माहिती तपासून घ्यायची असते आणि काही घोषणा करायच्या असतात: व्यावसायिक मानकं पाळतो, सुरक्षितपणे काम करण्याच्या आड येईल असं आरोग्याचं कारण आहे का, फौजदारी शिक्षा किंवा पोलिसांची कॉशन (औपचारिक ताकीद) आहे का, दुसऱ्या एखाद्या नियामक संस्थेची कारवाई चालू आहे का. ‘हो’ म्हटलं म्हणजे नूतनीकरण नाकारलं असं नाही. ते प्रकरण तपासलं जातं, इतकंच. लपवलं आणि पुढे उघड झालं, तर मूळ गोष्ट क्षुल्लक असली तरी प्रश्न प्रामाणिकपणाचा होतो, आणि तो निस्तरणं फार जड जातं.

फी बरीच वर्षं 90 पौंड होती. सप्टेंबर 2025 पासून ती 120 पौंड झाली. पुढेही ती बदलू शकते, तेव्हा मित्राने सांगितलेला आकडा न धरता खात्यात दिसतो तोच धरा. डायरेक्ट डेबिटने दोन हप्त्यांतही भरता येते.

सीपीडी: खरं काम इथे आहे

वर्षाला किमान दोन वेगवेगळ्या नोंदी हव्यात, आणि त्यातल्या निदान एका नोंदीत सहकाऱ्याशी केलेल्या चर्चेतून काय मिळालं ते यायला हवं. सहकारी म्हणजे मॅनेजर चालतो, दुसरा सोशल वर्कर चालतो, नर्ससारखा दुसऱ्या व्यवसायातला माणूसही चालतो. फॉर्म आणि फीसाठी सप्टेंबर उजाडावा लागतो, पण सीपीडी वर्षभर केव्हाही नोंदवता येतं. म्हणून माझं सरळ म्हणणं असं, की पहिली नोंद मार्चपर्यंत लिहून मोकळं व्हावं. केस डोक्यात ताजी असताना अर्ध्या तासात होणारं लिखाण नोव्हेंबरात दोन रविवार खातं.

आपल्याकडे शिकलेल्यांची गाडी इथेच अडते. फील्डवर्कचे रिपोर्ट लिहून लिहून हाताला वळण लागलेलं असतं ते अहवालाचं: अमुक दिवशी भेट दिली, तमुक उपस्थित होते, पुढील कार्यवाही अशी. इथे अहवाल नको असतो. त्या शिकण्याने तुमच्या कामात काय बदललं, हे हवं असतं.

समजा, तुम्ही प्रौढांच्या टीममध्ये आहात. मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट, 2005 नुसार एका आजींची निर्णयक्षमता तपासायची आहे: घरी राहायचं की केअर होममध्ये जायचं. आजींना इंग्रजी येत नाही, मुलगा भाषांतर करतोय. आजी दोन मिनिटं तळमळून बोलतात, आणि मुलगा एवढंच सांगतो, “नको म्हणते.”

आता यावर कच्ची नोंद अशी होते: ‘निर्णयक्षमतेच्या मूल्यांकनावर अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. फार उपयुक्त होतं. कायद्याची माहिती मिळाली.’ यात तुम्ही कुठेच नाही.

पक्की नोंद साधारण अशी जाते. प्रशिक्षणात दुभाष्याचा विषय निघाला तेव्हा ती भेट आठवली. मी मुलाचं उत्तर आजींचं उत्तर म्हणून धरलं होतं. व्यावसायिक दुभाषी घेऊन पुन्हा गेलो तेव्हा कळलं, की आजींचा विरोध केअर होमला नव्हता, तिथल्या जेवणाची आणि देवपूजेची त्यांना काळजी होती. त्यामुळे पुढचं नियोजनच बदललं. आता घरची भाषा वेगळी असेल तर पहिल्या भेटीआधीच दुभाषी ठरवतो. मग सहकाऱ्याचा भाग: सीनियरशी बोलताना त्यांनी विचारलं, “मुलगा फक्त भाषांतर करत होता, की ठरवतही होता?” हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तेव्हापासून घरच्यांशी वेगळं बोलायची वेळ राखून ठेवतो.

लिखाण अर्थातच इंग्रजीत करायचं. भाषा साधी असली तरी चालते. अलंकारिक वाक्यांचे गुण मिळत नाहीत, आणि प्रमाणपत्र जोडलं म्हणजे नोंद झाली असंही नाही. त्या व्यक्तीची ओळख मात्र कुठूनही पटता कामा नये. नाव गाळून गल्ली, गावचं मूळ आणि मुलाचा धंदा लिहिला तर भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या लेस्टरसारख्या शहरात आपल्या लोकांना माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

दरवर्षी सुमारे अडीच टक्के सोशल वर्करच्या नोंदी तपासणीसाठी निवडल्या जातात. नुसत्या भरतीच्या नोंदी टाकून निभेल असा हिशोब करायचा असेल तर ज्याचा त्याने करावा.

मुदत हुकली तर

रजिस्टरवरून नाव निघतं आणि सोशल वर्कर म्हणून काम करता येत नाही. रजिस्टर सार्वजनिक आहे, मालक ते ऑनलाइन पाहू शकतो. पुन्हा नाव घालण्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी असते, आणि तो मंजूर होईपर्यंत केसेस दुसऱ्याकडे जातात. व्हिसावर असलेल्यांनी तर यात हयगय करूच नये. नोकरी नोंदणीवर टिकते आणि व्हिसा त्या नोकरीवर. नाव निघून दोन ते पाच वर्षं झाली असतील तर 30 दिवसांचं आणि पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर 60 दिवसांचं ज्ञान-कौशल्य अद्ययावत केल्याचं दाखवावं लागतं. कायमचे भारतात परतणार असाल तर नाव आपोआप निघण्याची वाट पाहू नका, स्वेच्छेने नाव काढून घेण्याचा अर्ज करता येतो.

दिवाळी आणि लग्नाचा मोसम नेमका याच तीन महिन्यांत येतो. घरी येणार असाल तर फॉर्म आधीच भरून निघा. तसंच राहिलं तर मुदत ब्रिटनच्या घड्याळाप्रमाणे आहे, म्हणजे भारतात 1 डिसेंबरच्या पहाटे 5 वाजून 29 मिनिटं. शेवटी खात्यात तिन्ही भाग पूर्ण झालेले दिसतात का ते पाहा आणि त्याचा स्क्रीनशॉट मॅनेजरला पाठवून ठेवा.

फी स्वतःच्या खिशातून भरली असेल तर तिच्यावर आयकरात सवलत मागता येते. मूळ 20 टक्के दराने कर भरणाऱ्याला 120 पौंडांवर 24 पौंड मिळतात. मागच्या चार करवर्षांचंही मागता येतं, म्हणून पावत्या जपून ठेवा. मालकाने फी भरली असेल तर ही सवलत नाही.